हात सोडल्यावरचा दोर

भाऊजी, पाथरीला जाऊन आले. तुमचं व्याख्यान झालं. कसं झालं ते सांगतेच, पण आधी एक तक्रार आहे. अर्धी विणलेली बाज तुम्ही ओसरीच्या दारातच उभी करून गेलात. जाता-येता पदर अडकायचा. भेटायला येणारी माणसं सतरंजीवर बसायची, त्या बाजेकडे बघायची आणि उसासे टाकायची. पोखर्णीचे मामा म्हणाले, "पुरी करून देऊ का? घडीभराचं काम हाय." मी नको म्हटलं. का नको, ते मलाच धड सांगता आलं नाही.

तुमच्या कॉलेजातले सहकारी म्हणाले, आमच्या अंकासाठी त्यांच्याबद्दल काहीतरी लिहा. जन्म, शिक्षण, नोकरी हे सगळं त्यांच्याकडे आहे, ते त्यांनी छापावं. मला तुमच्याशी बोलायचं आहे. आपलं बोलणं अर्ध्यावर राहिलं आहे आणि अर्ध्यावर ठेवायची मला सवय नाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही प्राथमिक शाळेत होता. पाढे म्हणताना सतराला अडायचात. मी पाटी घेऊन बसले की तुम्ही आत्याबाईंच्या, म्हणजे तुमच्या मायच्या, मागे लपायचात आणि त्याच तुमचा कान धरून तुम्हाला माझ्यासमोर आणून बसवायच्या. पुढे मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायला लागले, तुम्ही शेतकी कॉलेजात जीवरसायन. पण सतराचा पाढा मी तुम्हाला शेवटपर्यंत ऐकवला, आणि तुम्हीही शेवटपर्यंत चिडलात.

एकदा संध्याकाळी सायकल भिंतीला न लावता तशीच टाकून तुम्ही स्वयंपाकघरात आलात. मी डाळ निवडत होते.

"वहिनी, सगळं सुटं केलं आणि परत जुळलं!"

"काय जुळलं?"

"रायबोसोम."

"आमचं शिवणयंत्र तुम्ही मागच्या दिवाळीत सुटं केलंत. ते अजून जुळलेलं नाही."

तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलंत आणि पाट ओढून बसलात. कॉलेजात परदेशातली मासिकं यायची, तीही महिनोन्‌महिने उशिरा. त्यातलं काही वाचलं की पहिली मी सापडायचे. त्या दिवशी तुम्ही सांगितलंत ते मी पुढे कितीदा तरी ऐकलं, म्हणून आज न अडखळता लिहू शकते. जिवाणू म्हणजे एकटी पेशी. तिला जगायला प्रथिनं लागतात आणि ती बनवायला तिच्या पोटात बारीक बारीक यंत्रं असतात, ते रायबोसोम. यंत्राचे दोन भाग. त्यातल्या लहान भागात आरएनएचा एक लांबलचक धागा आणि त्याला धरून बसलेली वीसेक लहान प्रथिनं. धागा नुसता लांब असून उपयोग नाही. तो ठरलेल्या जागी वळला, दुमडला आणि त्याची नेमकी घडी बसली तरच यंत्र चालतं. कोणीतरी हा भाग पूर्ण सुटा केला, धागा वेगळा, प्रथिनं वेगळी, आणि परत एका नळीत एकत्र केला. तो जुळला. नुसता जुळला नाही, कामाला लागला.

"आणि गंमत ही," तुम्ही म्हणालात, "सगळी प्रथिनं एकदम चिकटत नाहीत. काही आधी येतात, सरळ धाग्याला धरतात. त्यांनी धरलं की धागा वळतो. त्या वळणावर दुसऱ्यांना जागा होते. ती बसली की तिसऱ्यांना."

"पंगतीसारखं."

"पंगतीत पहिले उठल्यावर दुसरे बसतात. इथे पहिले उठतच नाहीत."

"मग ते वऱ्हाड तुमच्या आजोळचं असणार," मी म्हटलं. आतून आत्याबाई ओरडल्या, "माझ्या म्हायेराचं नाव कोन काढायलंय?"

मला सगळ्यात पटली ती थंडीची गोष्ट. नळी थंड ठेवली की काही प्रथिनं बसतात आणि काम मध्येच अडकतं. धागा अर्धवट घडीत आखडून राहतो. नळी ऊन केली की तो सैल होतो, हलतो, नीट घडी घेतो आणि उरलेली प्रथिनं येऊन बसतात. मी लगेच म्हटलं, "तुमच्या लग्नाचं असंच झालंय. अर्ध्यावर आखडलंय, जरा शेकायला पाहिजे." तुम्ही डाळीतला खडा उचलून मला दाखवलात आणि म्हणालात, "निवडा, निवडा." मी तुमच्यासाठी सुचवलेल्या मुली तुम्ही अशाच खड्यासारख्या बाजूला ठेवल्यात. आता वाटतं, बरंच झालं. आता वाटतं, फार वाईट झालं. दोन्ही वाटतं.

मागच्या उन्हाळ्यात तुम्ही आत्याबाईंची बाज विणायला काढलीत. हे काम तुमच्या वडिलांनी तुम्हाला शिकवलेलं. पोखर्णीत त्यांची बाज पक्की म्हणून नावाजलेली. पण स्वतः विणलेल्या त्या बाजेवर त्यांना निवांत बसता येत नसे. गल्लीतून कोणी बडा माणूस गेला की उठून उभं राहावं लागे. हे मला आत्याबाईंनी सांगितलं, तुम्ही कधीच नाही. विणताना तुम्ही दोर इतका ओढायचात की हाताला वळ उठायचे. मी कधी कारण विचारलं नाही. काही गोष्टी न विचारताही कळतात, आणि विचारलं तर समोरच्याला उगाच उत्तर द्यावं लागतं.

तर, अंबाडीची सुतळी आणलीत, अंगणात लाकडी चौकट आडवी टाकलीत आणि रायबोसोमबद्दल मला सांगत सांगत विणायला बसलात. दोन ओळी झाल्या नाहीत तोच दोर ताठला. सोडावा तिथे आपल्याच अंगाभोवती वळायचा, पीळ खाऊन त्याचे तिढे व्हायचे. एक तिढा सोडवला की पुढे दुसरा. तुम्ही वैतागलात. आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सुध्या, परपेसर झालास आन् दोर भिजवायचा इसरलास व्हय रे? कोरड्या सुतळीची बाज कोन विनतंय?"

पोखर्णीतलं शेंबडं पोरही जी चूक करणार नाही, ती तुम्ही केलीत. रायबोसोमच्या नादात सुतळी पाण्यात टाकायलाच विसरलात. मला वाटलं, आता तुम्ही रागावणार. तर तुम्ही मांडी ठोकून हसायला लागलात.

"माय, हेच! कोरडा दोर म्हणजे थंड नळी!"

"ऊन लागलं ह्याला," आत्याबाई म्हणाल्या. "सुमे, ह्याला कांदा फोडून दे."

सुतळी भिजली. ओल्या दोराचा पीळ तसाच होता, पण दोर ऐकायला लागला. मग तुम्ही विणकाम ठेवलंत बाजूला आणि घरातल्या सगळ्यांना उभं केलंत. दोर म्हणजे आरएनए, आमची बोटं म्हणजे प्रथिनं. मी पहिलं वळण धरायचं, त्याशिवाय आत्याबाईंनी दुसरं धरायचं नाही. तुमचे दादा पेपर वाचत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "मी प्रथिन होणार नाही." तुम्ही त्यांच्या पायाच्या अंगठ्यात दोर अडकवलात आणि ते नकळत झाले.

आपला वाद सुरू झाला तो तिथेच. मी वळण धरलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "बघा, प्रथिनानं धाग्याला वाकवलं."

"मी वाकवलं नाही. दोर त्याच बाजूला वळत होता. मी फक्त वेळेवर धरलं."

"तुम्ही धरलं नसतं तर तो उलटा फिरला असता."

"फिरला असता, आणि परत आला असता."

"कधी? उद्या? जिवाणू अर्ध्या तासाच्या आत एकाचे दोन होतात, वहिनी. त्यांना वाट बघायला सवड नाही."

मुद्दा चांगला होता. मी रात्रभर तो चघळला नाही, मी झोपले. पण दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना कुंपणावरचा दोडक्याचा वेल दिसला आणि संध्याकाळी मी तयार होते. काठी वेलाला वळवते का? वळायचं वेलाच्या अंगातच असतं, काठी नुसती जागेवर असते. तुम्ही म्हणालात, वेल जिवंत आहे, आरएनए नाही. मी म्हटलं, मग दोर कुठे जिवंत आहे? त्यावर तुम्ही न जेवता उठून गेलात. थोड्या वेळाने भूक लागली म्हणून परत आलात आणि भाकरी मोडता मोडता म्हणालात, "तुमच्या बोलण्यात तथ्य आहे असं मी म्हणत नाही. पण भाकरी वाढा."

वर्षभर हे चाललं. तुमचं म्हणणं, प्रथिनं धाग्याला घडवतात. माझं म्हणणं, घडी धाग्याच्या अंगातच असते, प्रथिनं ती पकडून ठेवतात. खरं काय ते तिकडच्या मोठ्या शास्त्रज्ञांनाही पुरतं ठरवता आलेलं नाही, हे तुम्ही मला फार उशिरा सांगितलंत. मुद्दामच. मला आधी कळलं असतं तर मी वाद सोडून कामाला लागले असते, हे तुम्हाला माहीत होतं. घरात मला असं भांडायला दुसरं कोणी नव्हतं. तुमचे दादा हो म्हणतात आणि विषय संपतो. "तुम्हाला कळायचं नाही" हे वाक्य तुम्ही मला एकदाही ऐकवलं नाहीत. शिकलेल्या माणसांच्या घरीसुद्धा बायकांना ते रोज ऐकायला मिळतं. याबद्दल तुम्हाला कधी बरं बोलले नाही. आता बोलते. बरं केलंत.

पाथरीच्या उन्हाळी शिबिराचं बोलावणं तुम्हाला हिवाळ्यातच आलं होतं. तालुक्यातले आणि आसपासचे शास्त्राचे शिक्षक येणार होते. तुम्ही हाच विषय दिलात. शिबिराचे प्रमुख, तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक, तुम्हाला म्हणाले, "सर, विषय भारी आहे. पण आमचे लोक मराठी शाळांतले. यातले इंग्रजी शब्द काढले तर राहतं काय?" तुम्ही घरी येऊन टोपी खुंटीला मारलीत, ती खाली पडली.

"राहतं काय म्हणे! राहतं ते सगळं!"

"मग तसं सांगायचं होतंत."

"सांगून उपयोग नाही. पाथरीत दाखवीन. आणि ऐका वहिनी, लोकांनी माना डोलावल्या तर समजायचं, काही कळलं नाही. माना कोणीही डोलावतं. त्यावरून पाथरीत भांडण लागलं पाहिजे. आपल्यासारखं. तर कळलं."

त्यासाठी तुम्ही काहीही लिहून काढलं नव्हतंत. दोर नेणार होता आणि माणसं उभी करणार होता, एवढंच. नेण्याआधी हात बसावा म्हणून पाहुण्यांसाठी दुसरी बाज विणायला घेतलीत, तीच ती दारातली. अर्धी झाली आणि तुम्हाला ताप आला. आठवडाभर तुम्ही "साधा ताप आहे" म्हणून कॉलेजात जात राहिलात. त्याबद्दल मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे. तो राग मी सोडणार नाही, इतक्यात तरी नाही.

दवाखान्यात टायफॉइड ठरला. कॅप्सूल सुरू झाल्या. तुम्ही ती कॅप्सूल बोटांत धरून मला दाखवलीत.

"ही जिवाणूच्या रायबोसोमला जाऊन धरते आणि त्याचं प्रथिन बनवणं बंद पाडते. आपल्या पेशींतली यंत्रं जरा निराळी, म्हणून आपल्याला बऱ्यापैकी सोडते."

"म्हणजे तुमच्या लाडक्या यंत्राच्या मुळावर आलीय."

"मी जिवाणूंच्या बाजूनं कधीच नव्हतो, वहिनी. नुसतं कौतुक होतं." मग जरा दम खाऊन म्हणालात, "पाथरीहून आलो की तुम्हाला हरवतो. नवा मुद्दा सापडलाय."

"आत्ताच सांगा."

"आत्ता नको. तुम्ही दमलेल्या माणसाला हरवाल आणि गावभर सांगाल."

कॅप्सूलनं तिचं काम केलं असेल. पण आतडं आधीच फाटलं होतं. तो नवा मुद्दा काय होता, भाऊजी? भांडी घासताना, फळ्यावर लिहिताना मी तुमच्या बाजूनं विचार करून बघते. दोन-तीन मुद्दे सुचले. त्यातला तुमचा कोणता, ते मला कोण सांगणार?

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मुख्याध्यापक पाथरीहून आले. भले गृहस्थ आहेत, उगाच वाईट वाटून घेऊ नका. जाताना म्हणाले, "सरांचा तास रद्द करतो. त्या जागी शाळेची परसबाग ठेवतो."

"ठेवू नका. मी येते."

"तुम्ही?"

"दोर घेऊन येते. चार माणसं तुमची लागतील."

त्यांनी तुमच्या दादांकडे बघितलं. दादा नेहमीप्रमाणे हो म्हणाले. आत्याबाई कोपऱ्यात पांढऱ्या लुगड्यात गप्प बसल्या होत्या. त्या दिवसांत त्या कोणाशी बोलत नव्हत्या. तेवढंच बोलल्या, "जा तू. त्याचं बोलनं अर्धं ऱ्हायलंय."

बाजेसाठी आणलेल्या सुतळीचं एक भेंडोळं शिल्लक होतं. सकाळी त्यातला एक तुकडा कोरडा ठेवून बाकीचं पाण्यात बुडवलं, निथळू दिलं आणि ओल्या पोत्यात गुंडाळून एसटीत बसले. पोतं गळत होतं. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला.

"बाई, पोत्यात काय हाय? मासळी आसंल तर टपावर टाका."

"दोर आहे."

"वला दोर? कशाला?"

"व्याख्यानाला."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि पुढे सरकला. तुम्ही असता तर त्याला मानवत येईपर्यंत सगळा रायबोसोम ऐकवला असतात.

शाळेच्या हॉलमध्ये पंखा एक, माणसं पुष्कळ. मी आधी सांगितलं, ज्यांचं नाव पत्रकावर आहे ते नाहीत, मी त्यांची भावजय. लोक उभे राहिले, शांत राहिले, बसले. मग मी पोतं सोडलं. पहिल्यांदा कोणीतरी हसलं. बरं वाटलं.

चार जणांना उभं केलं. तुमचंच सगळं, तुमच्याच क्रमानं सांगितलं. नुसता दोर खाली सोडून दाखवला, तो वेडावाकडा गोळा झाला. मग एकानं धरलं, वळण आलं. मगच दुसऱ्यानं, मगच तिसऱ्यानं. मुद्दाम तिसऱ्याला आधी धरायला लावलं, तर त्याच्या हाताला काही लागेना. कोरडी सुतळीही दाखवली. लोक माना डोलवायला लागले. मला भीती वाटली ती तिथे. डोलतायत, भाऊजी. सगळे डोलतायत. मुख्याध्यापकही डोलतायत. तास संपत आला होता आणि तुमच्या हिशेबानं आपण हरत होतो.

तेवढ्यात चुडाव्याच्या एक बाई उठल्या. तरुण, जरा बुजऱ्या. सकाळच्या गाडीनं आलेल्या, पिशवी अजून हातात. म्हणाल्या, "ताई, एक इचारू? हे हात दोराला वाकवायलेत, का दोर आपनच वाकायलाय आन् हात नुसते धरायलेत?"

त्या बाईनं माझीच बाजू घेतली होती. मला नुसतं "बरोबर" म्हणायचं होतं, की मी पाथरीत जिंकले असते. पण तुम्ही उलट बोलायला समोर नव्हता. म्हणून मी आधी तुमची बाजू मांडली, जमेल तेवढ्या जोरानं. वीस मिनिटांत दुप्पट होणारा जिवाणू, वाट बघायला नसलेली सवड, हात नसले तर होणारा गोळा, सगळं. मग माझी मांडली, थोडक्यात. आणि चौघांना म्हटलं, "आता हात सोडा."

हे आपण घरी कधी केलं नव्हतं. का केलं नाही कोण जाणे. बहुतेक दोघांनाही भीती होती.

चौघांनी हात सोडले. दोर निम्मा सुटला. निम्मा तसाच राहिला, दोन वळणं जागची हलली नाहीत. सगळा हॉल पुढे वाकून बघत होता.

"बघा, ऱ्हायला का न्हाई!" चुडाव्याच्या बाई म्हणाल्या.

"निम्मा सुटला त्याचं काय?" मागून एक जाड आवाज.

"सर, दोराच्या जागी सळई धरा बरं. वाकवून दावा! वाकायचं दोराच्या अंगातच पायजे."

"आवो बाई, पन हातच नसते तर ही वळनं आली असती का? आधी कुनी धरलं?"

"धरलं म्हंजी वाकवलं न्हाई!"

"न्हाई कसं? मी धरलो होतो, मला इचारा की!" हे दोर धरणाऱ्यांपैकी एक.

मग मला कोणी विचारेना. दोर तिघांच्या हातात गेला, चार जण त्यावर वाकले, कोणी तो परत भिजवायला बादली आणली. शिपाई सांगून गेला की चहा गार व्हायलाय. कोणी उठलं नाही. मुख्याध्यापक माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता सगळ्यांना गप्प करतील. त्यांनी कोरड्या सुतळीचा तुकडा उचलला, तो आपल्या बोटाभोवती वळवून बघितला आणि हळूच विचारलं, "बाई, थंडीत अडकतं ते नेमकं कुठं?"

सगळं मराठीत झालं, भाऊजी. कडकडून झालं. मी पोतं झटकलं, बाकीचं भेंडोळं त्यात गुंडाळलं आणि भांडण तसंच सोडून शेवटच्या एसटीला आले. सुतळीचा एक तुकडा त्यांच्याकडेच राहिला.

दुसऱ्या दिवशी उरलेली सुतळी भिजत घातली आणि बाज दारातून काढून अंगणात आडवी टाकली. आत्याबाई न बोलावता आल्या. पलीकडे बसून त्या दोर ओढून द्यायच्या, मी वेढा घ्यायचे. मला येत नाही हे काम. त्या म्हणाल्या, "आवळून घे. सुध्यावानी." मी आवळलं. सुध्यासारखं झालं नाही. मध्येच त्यांनी तुमच्या विणीवरून हात फिरवला, एकेका ओळीवरून, आणि परत दोर हातात घेतला. आम्ही दोघी रडलो नाही. ते त्या दिवशी कामात बसत नव्हतं.

बाज पुरी झाली आहे. तुमच्या ओळी घट्ट, माझ्या सैल. काल दुपारी मी तिच्यावर आडवी झाले, तर तुमची वीण जिथे संपते आणि माझी सुरू होते ती जागा पाठीला बरोबर कळली. आता भेटायला येणाऱ्यांना मी तिच्यावरच बसवते. पोखर्णीचे मामा परवा आले ते रस्त्याकडे तोंड करून, पाय पसरून बसले. कोणासाठी उठले नाहीत.

वाद मात्र मी सोडलेला नाही. तुमचे हात सुटले आणि तुमचा दोर जसा होता तसाच आहे, एक ओळसुद्धा ढिली झालेली नाही. हा मुद्दा माझ्या बाजूचा आहे, लिहून घ्या.

त्यावर तुम्ही विचाराल, पण वहिनी, तो तसा बसवला कोणी?

विचारा ना.